वर ओढलेला हँडब्रेक

आमची छोटी गाडी मोटरहोमच्या मागे बांधून वाळवंटात न्यायची कल्पना माझीच होती. हिवाळ्यात इथे निम्मं बहरीन सखीरला जाऊन तंबू ठोकतं. नवऱ्याच्या कंपनीच्या मालकाने आम्हाला दोन दिवसांसाठी आपलं मोटरहोम देऊ केलं होतं. ते म्हणजे चाकांवरचं घरच. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर सगळं. पण एकदा वाळूत उभं केलं की दूध आणायला काही ते हलवता येत नाही.

"मग आपली गाडी ओढून नेऊ," मी म्हटलं.

मालक मोटरहोम फक्त एकाच माणसाच्या हाती द्यायचा. त्याच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक, अकोल्याचा, चाळिशीचा. मला ताई म्हणायचा. आमच्याकडे जेवायला आला की मुलीचे फोटो दाखवायचा. बायको आणि मुलगी गावाकडे होत्या. मालक आणखी एक मोटरहोम घेऊन भाड्याने देण्याचा धंदा सुरू करणार होता आणि त्याचा इनचार्ज यालाच करणार होता. इनचार्ज झाला की पगार फॅमिली व्हिसासाठी लागतो तेवढा होणार होता आणि दोघींना इथे आणता येणार होतं. हे सगळं मला माहीत होतं. जुफैरच्या आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यानेच सांगितलं होतं.

निघायच्या सकाळी त्याने टो डॉली आणली. दोन चाकांची बुटकी ट्रॉली. गाडीची पुढची चाकं तिच्यावर चढवून पट्ट्यांनी आवळायची, मागची रस्त्यावरच फिरतात. त्याने गिअर न्यूट्रलला टाकला, हँडब्रेक खाली केला आणि मला बोलावून दाखवला.

"हे पाहा ताई. हा वर राह्यला तं मागचे टायर फिरत नाहीत, घासत जातात. खलास."

"समजलं. मी काही पहिल्यांदा गाडी बघत नाहीये."

तो हसला. "तुम्हाला कोण शिकवन जी!"

रिफाजवळच्या पेट्रोल पंपावर तो थांबला. थोडं अंतर गेलं की पट्टे सैल होतात, ते पुन्हा आवळावे लागतात. त्याने आवळले, दार उघडून आत पाहिलं, मग म्हणाला, "गाडीतलं काही घ्याचं असन तं आताच घ्या." आणि स्वतः आत पैसे द्यायला गेला.

चहाचा थर्मास मागच्या सीटवर राहिला होता. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून मागे हात घातला. गाडीचं नाक वर, शेपूट खाली. माझ्या वजनाने ती जराशी हलली. मी गाडी शिकले साताऱ्याकडच्या घाटात. वडील शेजारी बसायचे. चढावर गाडी उभी असली की आधी हँडब्रेक, मग बाकीचं. तीस वर्षांत माझा हात ते विसरलेला नाही. त्या दिवशीही विसरला नाही. मी हँडब्रेक ओढला, थर्मास घेतला, दार लावलं.

मोटरहोमच्या इंजिनला आमच्या गाडीचं ओझं जाणवलंही नसेल. निघाल्यावर मी आत नवऱ्याला चहा ओतत होते. तेवढ्यात एक पिकअप शेजारी येऊन हॉर्न वाजवू लागला. आतला माणूस हात बाहेर काढून मागे दाखवत होता. मग फट् असा आवाज आला.

मागचा एक टायर फुटला होता, दुसरा घासून सपाट झाला होता. गाडी आडवी ओढली जाऊन डॉलीचा एका बाजूचा पत्रा चिरडला होता. रबराचा वास आणि धूर. मेकॅनिकने दार उघडून आत पाहिलं. हँडब्रेक वर ओढलेला होता.

नवरा चिडला. "अरे, इतकी वर्षं हेच काम करतोस ना?"

"मी पाह्यलं होतं, साहेब." मग जरा थांबून, अगदी हळू, "नसन पाह्यलं. भुललो असन."

माझ्या हातात थर्मास होता. तो पाहताक्षणीच मला सगळं कळलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट त्याच मालकाकडे होतं, महिन्याभरात रिन्यू व्हायचं होतं. मी हिशेबी बाई आहे. तेवढ्या वेळातही मी हिशेब केला आणि गप्प बसले.

मालकाने त्याला कामावरून काढलं नाही. नवं मोटरहोम आणि भाड्याचा धंदा मात्र दुसऱ्याच्या ताब्यात दिला. ओळखीची मंडळी आमच्याकडे जेवताना म्हणाली, शेवटी मेकॅनिकच तो. मी तेव्हाही वाटीत आमटी वाढत राहिले.

चार महिन्यांनी गाडीच्या सर्व्हिसिंगसाठी वर्कशॉपला गेले. तो एक गाडी डॉलीवर बांधत होता. आत डोकावला, बाहेर आला, पुन्हा डोकावला. मोबाईलवर हँडब्रेकचा फोटो काढला. मग पलीकडच्या मल्याळी सहकाऱ्याला हाक मारली, "भाई, एक बार तू भी देख."

"एवढं काय?" मी विचारलं.

"आपल्या डोळ्यांवर भरवसा नाही राह्यला, ताई."

मी तिथेच सांगितलं. थर्मास, घाट, हात, सगळं. त्याने हातमोजे काढले.

"त्याच दिवशी माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"बायकोनं विचारलं तं मी म्हटलं, माझीच चूक. ती म्हणे, तुम्ही असे भुलत नाही." त्याने हातमोजे पुन्हा चढवले. "तिला खरं वाटत नव्हतं. मला वाटत होतं."

दुसऱ्या दिवशी मी सीफच्या ऑफिसात मालकासमोर बसले. नवऱ्याने आदल्या संध्याकाळी आधी आवाज चढवला, मग बोलणंच सोडलं, तरी गेले. मालकाने शांतपणे ऐकलं, गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, मागवली. म्हणाला, तू आलीस, चांगलं केलंस, पण जागा भरली. पुढच्या सीझनला बघू, इंशाल्ला. मी आणखी दोनदा तोच विषय काढला. त्याने दोन्हीदा होकारार्थी मान हलवली. त्या होकाराचा अर्थ नकार असतो, हे इथे राहिलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

तिथून मी सरळ वर्कशॉपला गेले. मालक काय म्हणाला ते त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. माझी गाडी तयार होती. त्याने ती बाहेर आणून उतारावर लावली, हँडब्रेक ओढला, आणि चावी माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली.

"झालं काम, मॅडम," तो म्हणाला.