कानसेनचा क्लच

कानसेन म्हणजे कुणी गाण्यातला माणूस नव्हे, मोटारसायकलचा मिस्त्री. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत हा दुकानातून ओरडायचा, "अरे, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकलाय!" आणि उघडलं की कचराच निघायचा. म्हणून हे नाव पडलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते फार आवडायचं. आपल्या कानातून काही सुटत नाही, असा त्याचा पक्का समज होता. असो बापडा.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याची स्वतःची गाडी उभी होती. बापाच्या वेळची, एका सिलेंडरची, रेड्यासारखी जड. चार वर्षं तिच्यावर ताडपत्री होती. का, तर क्लच खराब. कुणीही विचारलं की हेच उत्तर, "क्लच गेलाय, प्लेटा मिळत नाहीत." बायकोलाही हेच सांगितलेलं. मिस्त्रीचीच गाडी बंद म्हणून लोक हसायचे. तो हसू द्यायचा.

खरी गोष्ट अशी की क्लचला काडीचंही झालं नव्हतं. झालं होतं ते डाव्या हाताला. त्याला अर्धांगवायूचा एक झटका येऊन गेला होता. चालणं-बोलणं सगळं परत आलं, डाव्या मुठीतला जोर तेवढा आला नाही. कप धरता यायचा, पाना कसाबसा धरता यायचा. पण त्या गाडीचा क्लच दाबायचा म्हणजे मूठ भक्कम पाहिजे. बरा झाल्यावर हा हौसेने गाडीवर बसला, दाबायला गेला, आणि लिव्हर अर्ध्यावरूनच परत. मुकाट्याने उतरला, ताडपत्री टाकली आणि आत येऊन बायकोला म्हणाला, "क्लच गेला." हात गेला असं म्हणायला जीभ रेटेना.

आता मात्र त्याने गाडी विकायचं ठरवलं होतं. जुन्या गाड्यांचा एक शौकीन संध्याकाळी यायचा होता. त्याची अट एकच, डोळ्यांसमोर गाडी सुरू झाली पाहिजे. बायकोला हे सकाळी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि आत जाऊन डबे आपटायला लागली. याला वाटलं, आवराआवर चाललीय. आणि म्हणे कानसेन!

जेवण झाल्यावर तो शेडमध्ये गेला. त्याचा हिशेब सरळ होता. इतकी वर्षं उभी गाडी, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल सुकून डिंक झालेला असणार, जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तोटीचं, भोक बुजलेलं असणार, आणि क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असणार. त्याने वाटी सोडवली आणि पेट्रोल भसकन हातावर सांडलं. ताजं पेट्रोल.

"आँ?"

वाटी आतून लख्ख. जेट काढून उजेडात धरला, तर भोकातून स्वच्छ आरपार दिसत होतं. आणि तिथेच फळीवर केरसुणीची एक काडी ठेवलेली, टोक झिजलेली. जेटमध्ये तार घालू नका, पितळ खरवडतं, केरसुणीची काडी घाला, हे तो गिऱ्हाइकांना कोकलून सांगायचा. म्हणजे हे करणाऱ्याने ते कुठेतरी ऐकलं होतं.

घाईघाईने त्याने क्लचचं झाकण काढलं. मधलं गॅस्केट जोड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून केलेलं. तेलात भिजूनही त्यावर त्याच्याच पायाच्या मापाचा आकडा दिसत होता! प्लेटा एकदम सुट्या. लोखंडी प्लेटांवर निळसर डाग. हे डाग त्याने जन्मभर पाहिले होते. शिकाऊ माणूस हाफ क्लचवर गाडी रेटतो, तेव्हा पडतात. पण डाग जुने होते, आणि नंतरची झीज अगदी एकसारखी, सफाईदार होती. म्हणजे कुणीतरी त्याच्या गाडीवर शिकलं होतं आणि शिकून चालवतही होतं. त्याच्या घरात, त्याच्या नाकावर टिच्चून.

तेलकट हातांनीच तो शेजारच्या शिंप्याकडे धावला. "माझ्या गाडीला कुणी हात लावतं का रे?"

शिंप्याने मशीन थांबवलं. "तुम्हाला माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"अहो, वहिनी दुपारी फिरवून आणतात की, तुम्ही दुकानावर गेलात की. आम्हाला वाटलं, तुम्हीच शिकवलंत." शिंपी चाचरला. "पँट मीच शिवली त्यांची. म्हणजे... दोन शिवल्या."

कानसेन तसाच घराकडे वळला. बायको गाडी चालवते हे एक वेळ गिळलं असतं. पण पँट आहे, एक सोडून दोन आहेत, आणि अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे? घरात पेट्रोलचा वास यायचा, तो त्याला कायम आपल्याच कपड्यांचा वाटायचा.

बायको स्वयंपाकघरात भाजी निवडत होती.

"तू गाडी चालवतेस?"

"हो."

"ती? तो रेडा?"

"सुरुवातीला पाडली. आता नाही पडत."

"अगं, पण कार्बोरेटर? जेट?"

"लग्न झाल्यापासून तुमची बडबड ऐकतेय. दगडसुद्धा शिकला असता."

"आणि क्लच कशाला उघडलास?"

आता तिने मान वर केली. "दुरुस्त करायला. तुम्ही तोंड पाडून बसायचात. म्हटलं, क्लच नीट करावा आणि एक दिवस गाडी तुमच्यापुढे उभी करावी. उघडला, तर त्याला काही झालंच नव्हतं."

कानसेनने डावा हात पाठीमागे घेतला.

"तेव्हा कळलं मला," ती म्हणाली. "कप कुठल्या हाताने उचलता, शर्टाची बटणं लावायला किती वेळ लागतो, सगळं मग दिसायला लागलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही क्लच म्हणालात. मीही क्लच म्हटलं." तिने भाजीचं ताट बाजूला सारलं. "हात सुधारला तर गाडी तयार असावी, म्हणून थोडी थोडी फिरवत होते. नंतर मला आवडायलाच लागलं हो. दिवसभरात तेवढं एक माझं होतं. विकायची तर विका, गाडी तुमची आहे."

चार वर्षं आपण हिच्यापासून लपवतोय असं त्याला वाटत होतं, आणि ही चार वर्षं त्याचं लपवणं सांभाळत बसली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याहून जास्त तिच्याबद्दल माया दाटून आली.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. शौकीन दारात उभा होता, हसतमुख.

"काय कानसेन, मारायची ना किक?"

"माफ करा, तुमचा फेरा फुकट गेला," कानसेन म्हणाला. "गाडी नाही देता येणार."

"का हो? काय झालं?"

"क्लच खराब आहे. प्लेटा मिळत नाहीत."

माणूस हळहळत निघून गेला. कानसेन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. ती डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"पँट घालून ये," तो म्हणाला. "कार्बोरेटर मी लावतो, प्लेटाही बसवतो. झाकणाचे बोल्ट तू आवळ. माझ्या मुठीत जोर नाही."