तळहातावरचं माप

कुपवाडच्या कारखान्यात एक जुने कारागीर माझ्या शेजारच्या लेथ मशीनवर असतात. जाडी मोजायचा आपला मायक्रोमीटर ते कुणाच्या हातात देत नाहीत. माप केसभर चुकलं तर तयार जॉब, म्हणजे कातलेला भाग, भंगारात टाकतात. अश्वगंधेची पावडर मात्र चहाच्या सुट्टीत डब्यातून थेट तळहातावर ओततात आणि तोंडात टाकतात. टेन्शनवर चांगली म्हणे.

"औषध न्हाई रं, झाडाची मुळी हाय. काय हुतंय?"

सकाळी ते थायरॉईडची गोळीही घेतात. तीच गोळी माझ्या बायकोला चालू आहे, आणि तिच्या डॉक्टरांनी ही पावडर घेऊ नका म्हणून बजावलंय; दोन्ही मिळून थायरॉईड फार वाढू शकतं. मी त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी मशीन सुरू करून माझं बोलणं त्यात बुडवलं.

काल जॉब मोजताना त्यांचा हात थरथरत होता. मी बघून न बघितल्यासारखं केलं. जरा वेळानं त्यांनी मायक्रोमीटर माझ्यापुढं धरला.

"तू बघ रं. छातीत लय धडधडतंय."

मी दोन्ही मशीनं बंद केली.

"आवं, दवाखान्यात चला. पावडरीचा डबाबी संगं घ्या, डॉक्टरला दाखवू."

माझ्या गाडीवर मागं बसून ते डबा फिरवून फिरवून वाचत होते.

"ह्याच्यावर माझं माप कुठं लिवलंय रं?"