पिवळं गळेपर्यंत

मनोरमाचं माहेर खाडीकाठचं आणि सासर जूचंद्रचं, म्हणजे दोन्हीकडे मीठच. चालायला लागली ती मिठागराच्या बांधावर. हातापायाचं कातडं असं कमावलेलं, की काटा लागला तर काटाच मोडायचा. तिची आय म्हणायची, "मिठात मुरलेली कैरी न् मिठात मुरलेली बाय, नासाची नाय."

नव्वदी सरता सरता मिठागरांत मातीच्या गाड्या रित्या होऊ लागल्या. मीठ पिकायचं तिथं इमारतींचे खांब उगवले. मनोरमाचा नवरा रमेश उंबऱ्यावर बसून तंबाखू मळू लागला आणि मनोरमा सातिवलीला एका गाळ्यात कामाला लागली.

गाळ्यात तोंडाला लावायची क्रीम बनायची. ट्यूबवर हिरवं पान, पानावर दवाचा थेंब. आत कोरफड, काकडी, कडुनिंब, गुलाबपाणी, निदान तसं लिहिलेलं तरी असायचं. मनोरमा कोरफड सोलायची. देखरेखीला संग्राम होता, जूचंद्रचाच, तिच्या सासरच्या भावकीतला. गाळ्यात शुद्ध बोलायचा आणि गावात पाऊल टाकलं की आगरी व्हायचा.

माल बाहेर जाण्याआधी तो तपासायची तिथली एक रीत होती. नव्या घाण्यातलं बोटभर क्रीम बायांच्या हातावर लावायचं, वरून कापूस, वरून चिकटपट्टी. दुसऱ्या दिवशी काढून बघायचं. पहिल्या खेपेला बाकीच्या बायांचे हात लालबुंद झाले आणि मनोरमाचा जसाच्या तसा राहिला. संग्रामला लॉटरीच लागली.

"काकी, तुझा हात म्हणजे सोनं!"

तेव्हापासून प्रत्येक घाणा तिच्या डाव्या हातावर. हात साफ म्हणजे माल साफ. बदल्यात तिला पंख्याखालचं स्टूल मिळालं. बाकीच्या बाया उकळत्या टोपाशी उभ्या. पाचूबंदरची फ्लॉसी येता-जाता टोचायची, "बस गो महारानी! तुज्या हाताला पंखा, आमच्या नशिबाला वाफ."

"ये, तू बस. हात आन तुझा," मनोरमा म्हणायची.

"माझा हात? मी बोंबील साफ केलं तरी मना खाज सुटते."

आठवड्यातून एकदोनदा विरारहून क्षितिजा मॅडम यायच्या. केमिस्ट होत्या. त्यांनी संग्रामला सांगून बघितलं. "अरे, हिच्या कातडीवर काही उठत नाही म्हणून माल चांगला कसा? नाजूक कातडी असलेल्यांवर लावून बघ."

"मॅडम, नाजूक माणसं सुट्ट्या फार घेतात."

मॅडम मग स्टुलाशेजारी येऊन बसायच्या, पातं हातात घेऊन सांगायच्या. "हा आतला काचेसारखा गर आहे ना, तो थंडावा देतो. आणि सालीला लागून पिवळा चीक असतो, तो आग करतो. एकाच पानात दोन्ही. म्हणून कापलं की पातं उभं ठेवायचं, पिवळं सगळं गळू द्यायचं, मग सोलायचं."

"आमी त पोराचं अंगावरचं दूद तोडाला तोच चीक लावतो. कडू जहर. पोर परत तोंड लावत नाय."

मॅडम हसल्या. "तेच ते. आणि वासावर जाऊ नकोस. डबा उघडला की थंडगार वाटतं ना, तो वास वेगळ्या बाटलीतून येतो. नाकाला बरं वाटतं, कातडीला नाही. कधी कधी तोच वास कातडीला चावतो."

मग लग्नसराईची मोठी ऑर्डर आली. पात्यांचे ढीग पडले. मनोरमा रिवाजाप्रमाणे पाती भिंतीला उभी करू लागली तर संग्राम खेकसला, "उभी कसली करताय? वेळ कुणाकडे आहे? सोला आणि टाका!" चीक गरात उतरला, क्रीमला कडवट वास आला, तो मारायला सुगंधाची बाटली दुप्पट ओतली. आणि त्याच घाण्याचा बोळा मनोरमाच्या हाताला लागला.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत हात पेटला होता. पट्टी सोडली तर खाली लाल चकंदळ, त्यावर बाजरीसारखे दाणे. जन्मात पहिल्यांदा तिच्या कातडीनं तोंड उघडलं होतं.

संग्राम एकदा हसत हसत म्हणाला होता, "काकी, ज्या दिवशी हात लाल, त्या दिवशी नवा हात." हसत म्हणाला असला तरी खोटं म्हणाला नव्हता. घरात कमावणारे हात म्हणजे हेच दोन.

मोरीमागे सासूनं लावलेली कोरफड होती. मनोरमानं एक पातं कापलं, भिंतीला उभं केलं, पिवळं गळू दिलं. मग चिरून गर हातावर बांधला. सकाळी हात सपाट. वरून पट्टी पुन्हा होती तशी चिकटवली.

"क्लीन!" संग्राम म्हणाला, आणि माल गाडीत चढला.

पण एकदा जागी झालेली कातडी परत झोपेना. पुढचा घाणा खाजला, त्याच्या पुढचाही. दिवसा क्रीम, संध्याकाळी कोरफड, सकाळी "क्लीन". सासू बघायची आणि चिडायची.

"सांग ना गो त्याला! हात काय भाड्यानं आनलास?"

"सांगतंय. मंग चूल तुमी पेटवाल, बय?"

मॅडमना सांगावं असं बरेचदा ओठावर आलं. पण आजचं सांगायचं तर कालचंही सांगावं लागलं असतं, आणि कालचा माल तर दुकानांत पोचलाही होता. कोणाकोणाच्या गालावर गेला असेल देव जाणे. जितकी गप्प बसली तितकं बोलणं अवघड झालं.

त्यातच दिराच्या पोरीचं, अश्लेषाचं लग्न निघालं. हळदीला मांडव भरला. लग्न लावणारी धवलारीण चांगुनाबाय खणखणीत आवाजात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत होती. अश्लेषा पाटावर बसली होती, गोरीपान, कातडी अशी पातळ की गालावरची निळी शीर दिसावी. संग्राम भावकीतला, तो मोठ्या ऐटीत खोकं घेऊन आला. त्याच ऑर्डरीतल्या ट्यूबा होत्या.

"आमच्या कंपनीचा आहेर! हळदीच्या आधी लावा, गाल कोरडे पडाचे नाय. काकी, पयला हात तुझा. तूच बनवलंस ना!"

बाया हसल्या. कोणीतरी झाकण उघडून मनोरमाच्या बोटावर क्रीम पिळलंसुद्धा. अश्लेषानं डोळे मिटून गाल पुढं केला.

मनोरमाचं बोट गालापासून वीतभर अलीकडे थांबलं. आग होते म्हणावं तर समोर संग्राम. गप्प बसावं तर समोर पोरीचं तोंड, आणि उद्या लग्न.

"नको," ती म्हणाली. "हळदीच्या अंगाला विकतचं लावत नाय. आमचे माहेरा एकीनं लावलं, तिची हळद चढलीच नाय."

चांगुनाबायचा धवला थांबला. "जल्ली ती रीत! कनच्या गावची गो? मी इतकी लग्ना लावली, कदी आयकली नाय."

मांडवात कुजबुज झाली. मनोरमानं बोट मागं घेऊन डाव्या हातानं पदर सावरला, तशी त्या हाताची बाही वर सरकली. आतले लाल दाणे चांगुनाबायनं बघितले. म्हातारीची नजर हातावरनं ट्यूबवर गेली, ट्यूबवरनं पोरीच्या गालावर.

"हां हां, हाय," ती म्हणाली. "आता आठवलं. माझी आजी पन हेच सांगाची. पानी आना रे! तुझा हात धू आदी, मंग हळदीला शिव." आणि कोणी काही विचारायच्या आत पुढचा धवला धरला.

अश्लेषा फुरंगटली. "काकीला ना माझं कौतुकच नाही," असं मैत्रिणीला म्हणालीही. बिनक्रीमची हळद लागली, चांगली चढली. खोकं तसंच कोपऱ्यात राहिलं. बाही सरकली तेव्हा संग्राम मात्र समोरच उभा होता.

सोमवारी मनोरमा स्टुलावर बसली. आता कामावरून काढणार, आता म्हणणार, 'जा घरी.' संग्राम क्रीमची वाटी आणि कापूस घेऊन आला.

"अश्लेषाला हळद चढली ना काकी?"

"चढली."

"बरं झालं." त्यानं मागं वळून पाहिलं. मॅडम यायचा तो दिवस नव्हता. "तुझ्या हाताला काही होत नाही ना?"

प्रत्येक घाणा त्यानंच पास केलेला होता. तिचा हात खोटा ठरला तर त्याचीही मान अडकत होती. ते तिला कळलं, आणि तिला कळलं हे त्यालाही कळलं.

"नाय," ती म्हणाली.

"मग आज उजवा दे."

तिनं उजवा दिला. त्यानं बोटभर क्रीम लावलं, कापूस ठेवला, पट्टी नीट दाबून बसवली.

संध्याकाळी मोरीमागे कोरफडीला कापण्याजोगं एकच पातं उरलं होतं. मनोरमानं ते डाव्या हातानं कापलं, भिंतीला उभं केलं आणि पिवळं गळेपर्यंत उजवा हात खाजवत दगडावर बसून राहिली.