मामांचा रेडा आणि मासोळी

अमेरिकन फुटबॉलमधला सर्वांत मोठा रनिंग बॅक कोण, हा प्रश्न आपल्याशिवाय सुटणार नाही अशी खात्री बाळगणारा माणूस इंग्लंडातल्या अख्ख्या बेसिंगस्टोक गावात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा हाडांचे डॉक्टर. अमेरिकेला जन्मात गेले नाहीत. पण ऐंशीच्या दशकात रविवारी संध्याकाळी इथल्या टीव्हीवर तो खेळ दिसू लागला आणि मामा कामातून गेले. हॉस्पिटलातला एखादा गोरा सहकारी हवापाण्यावरून क्रिकेटवर आला, की मामा त्याला बघता बघता रनिंग बॅकवर आणून सोडत. तो बिचारा पुढच्या वेळी लिफ्ट टाळून जिन्याने जाई.

रनिंग बॅक म्हणजे नारळासारखा टोकदार चेंडू काखेत मारून, पुढे वाकून वाट मोकळी करणाऱ्या साथीदाराच्या मागोमाग समोरच्या धिप्पाड गर्दीतून पळत सुटणारा गडी. मामांच्या लेखी जगात असे दोनच झाले. त्यांची खरी नावं मामा घेत नसत. एक रेडा, दुसरा मासोळी. रेडा समोरच्याला अंगावर घेऊन जायचा, मासोळी कुणाच्या हाती लागायची नाही. दोघांची तुलना मामा लग्नाची स्थळं पाहावीत तशी करत. "मासोळीचे नी-जॉइंट्स बघा, जावईबापू. ब्यूटिफुल. पण मुलगा फार आडवा पळतो. संसाराला रेडाच बरा," असं म्हणून ते चहा मागवत, आणि चहा येईपर्यंत त्यांचं मत फिरलेलं असे.

त्यांच्या घरचा गणपती म्हणजे तर या विषयाचं वार्षिक अधिवेशनच. एजवेअरहून, रीडिंगहून मंडळी जमत. आरतीआधी नारळ घरच्या बाईने स्वयंपाकघरातून आणून गणपतीपुढे ठेवायचा, ही मामांच्या आईपासूनची पद्धत. पण मामी हात पुसेपर्यंत मामा तो काखेत घेऊन हॉलभर प्रात्यक्षिक देत. "कोपर अंगाशी. बोटं टोकावर. पडलात तरी पुढे पडायचं." एका वर्षी मासोळीची गिरकी दाखवताना नारळ सुटला आणि थेट शिऱ्याच्या पातेल्यात जाऊन बसला. "तुमच्या त्या दोघांना कधीतरी शिरा ढवळायला पाठवा," एवढंच बोलून मामी दुसरा नारळ शोधायला गेल्या.

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात मामी बर्फावर घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं, पण धीर सुटला तो सुटलाच. दारापर्यंत जायच्या आणि परत फिरायच्या. जन्मभर लोकांना चालतं करणाऱ्या मामांची मात्रा बायकोपुढे चालेना. रविवारी टीव्हीही बंद राहू लागला. मला ते घर तसं बघवत नसे. गणपती आले तेव्हा मामी म्हणाल्या, "यंदा नारळ सूनबाई आणेल. आता माझ्याच्याने नाही व्हायचं."

आरतीच्या वेळी सून नारळ उचलायला गेली, तर मामी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून उठल्या. "थांब गं, बघते मी." एका हातात काठी, नारळ त्यांनी दुसऱ्या काखेत धरला. कोपर अंगाशी, बोटं टोकावर. इतकी वर्षं त्या ऐकत नाहीत, असा आमचा समज होता. मामा त्यांना धरायला जातील असं वाटलं, पण ते त्यांच्या पुढे झाले, वाकले, हात फैलावले आणि खुर्च्या, पाट, एजवेअरचे दोन पाहुणे असं सगळं बाजूला सारत निघाले. मामी थबकल्या की तेही थबकत.

"अहो, जरा सरका. गणपती दिसत नाही मला," मामी म्हणाल्या. मामा नारळ देवापुढे पोचेपर्यंत सरकले नाहीत.

जेवताना मी मुद्दाम विचारलं, "मग मामा, शेवटी मोठा कोण?"

मामांनी मामींच्या पानाकडे पाहिलं. "एक तिसरं स्थळ आलंय," ते म्हणाले. "जरा स्लो आहे. पण बॉल सोडत नाही."

मामा आता नाहीत. मामी अजून नारळ तसाच काखेतून आणतात. दारापाशी क्षणभर थांबतात, पुढची वाट कुणीतरी मोकळी करतंय अशा, आणि मग पाऊल टाकतात.