झुंबरावरचा नेलपॉलिशचा ठिपका

चहा आधी संपवा, मग सांगते. मध्येच कोणाला हसू फुटलं तर माझ्या नव्या सोफ्यावर सांडेल, आणि मग मी काय बोलेन ते तुम्हाला माहीतच आहे. गाढवपणा माझाच आहे. दुसरं कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकते.

मी संशयी बाई आहे. त्यात लपवायचं काय? दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवून पाहते. भाजीवाल्याला आधी रिकामा काटा दाखवायला लावते. शिकले चौथीपर्यंतच, पण मला फसवून गेला असा माणूस अख्ख्या अकोल्यात दाखवा!

तर झालं असं की दिवाळीच्या आधी आम्ही हॉलला पीओपीचं छत केलं. मधोमध झुंबर लावायचं ठरलं. मुलगा पुण्याला नोकरीला, घरात आम्ही तिघंच. मी, आमचे हे, आणि सून पल्लवी. ती इथल्याच शाळेत शिकवते. पल्लवी अमरावतीची. अमरावतीच्या लोकांना वाटतं की अकोल्याला नुसतं ऊन मिळालं आणि अक्कल सगळी तिकडेच वाटली गेली. तिने तसं कधी बोलून दाखवलं नाही. पण न बोलणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो.

तिला पिवळा उजेड पाहिजे होता. म्हणे डोळ्यांना बरा वाटतो, घर उबदार दिसतं. अकोल्यात कोणाला ऊब कमी पडली हो? मला पाहिजे होता पांढरा, लख्ख. पोह्यातला केस दिसला पाहिजे असा. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, ताटात वरण कुठं अन् भाजी कुठं ते कळलं म्हणजे झालं.

दुकानात गेलो. तीन कड्या एकाखाली एक लटकलेल्या, असं एक झुंबर मला आवडलं. पेटलेलं होतं, उजेड पांढरा. मी म्हटलं, हेच. पल्लवी लगेच म्हणाली, “बरं आई, हेच घेऊ.”

इतक्या लवकर? आठवडाभर पिवळा-पिवळा करणारी पोट्टी एका मिनिटात कशी काय ऐकते? मागे वळून पाहते तर ती दुकानदाराच्या कानाशी काहीतरी बोलून राहिली, आणि तो मान हलवून हसून राहिला. मग तो बटनाकडे जात मला म्हणाला, “काकू, थोडं दाखवून देतो, ह्याच्यात असं आहे की…” मी म्हटलं, “बटनाशी खेळू नको, बिघडवशील. बांध.” त्याने बांधलं.

संध्याकाळी बंडूभाऊ वायरमन झुंबर लावून गेला. तिन्हीसांजेला मी बटन दाबलं. पांढरा शुभ्र उजेड! हात जोडले, बटन बंद केलं आणि तुळशीपाशी दिवा लावायला गेले. माणूस खोलीत नसला की लाईट बंद, हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो मीच केला आहे. परत आले, बटन दाबलं.

पिवळा!

हळद सांडल्यासारखा पिवळा. आणि खाली पल्लवी उभी, वर पाहून गालातल्या गालात हसत होती.

“बदललं ना तू?” मी म्हटलं.

“नाही हो आई. ते झुंबरच तसं आहे, तुम्ही बटन…”

“माह्यावर नको ढकलू. बटन मले समजते.”

पुढचं तिला बोलूच दिलं नाही. आता तुम्हीच सांगा, पाच मिनिटांत शिडी लावून झुंबर बदलणं जमेल का कोणाला? हा विचार मला तेव्हा शिवला नाही. संशयाला शिडी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी पुरावा करायचा ठरवलं. तिच्या डब्यातली लाल नेलपॉलिश घेतली, स्टुलावर स्टूल ठेवलं, आणि ह्यांना खालून धरायला लावून सगळ्यात खालच्या कडीवर ठिपका दिला. टपोरा, कुंकवाएवढा. आता बदला म्हटलं.

दुपारी बंडूभाऊ स्वयंपाकघरातला पंखा पाहायला आला. हॉलमधूनच गेला, हॉलमधूनच बाहेर पडला. तो गेल्यावर मी बटन दाबलं. उजेड पांढराही नाही आणि पिवळाही नाही! दुधाचा चहा असतो ना, तसा. आणि ठिपका जागच्या जागी.

दुसरी बाई असती तर इथे थांबली असती. मी थांबले नाही. मी म्हटलं, कडी तीच ठेवली, पोटातलं काढून नेलं. बंडूभाऊला फोन लावला. तो म्हणाला, “काकू, तीन रंगाचं…” मी म्हटलं, “तीन रंग मी पाह्यले, मले रंग सांगू नको,” आणि फोन ठेवला.

रात्री जेवताना सगळ्यांदेखत विषय काढला. सगळे म्हणजे ह्यांच्याशिवाय कोणी नव्हतं, पण सुनेला तेवढं पुरतं. म्हटलं, वायरमनला हाताशी धरून घरात चोरटेपणा चालणार नाही.

पल्लवीने घास खाली ठेवला. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, “आई, दोन दिवस झाले, मी सांगायला जाते आणि तुम्ही मला तोडता. आता नाही सांगत. आणि तुम्ही मला खोटी म्हणता, तर आजपासून ह्या घरातल्या बटनाला मी हात लावणार नाही.”

मग खोलीत जाऊन तिने माहेरी फोन लावला. मी दाराशी उभी होते. सहजच. “बाबा, उद्या घ्यायला या,” एवढंच ऐकू आलं.

खरं सांगते, तेव्हा मी बोटांवर दिवस मोजले. दिवाळी चार दिवसांवर. मुलगा पुण्याहून येणार आणि बायको अमरावतीला रुसून बसलेली! आणि रुसण्याचं कारण काय, तर लाईट. ती गेली की ती पुन्हा मनाने ह्या घरात येईल का, ही धास्ती लागली. पण माघार घेईन तर मी कसली? म्हटलं, पुरावाच आणून समोर ठेवते.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ऑटोने एकटी दुकानात गेले. पाच-सहा गिऱ्हाईक होते. बरंच झालं म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना. “एका झुंबराचे तीन झुंबर करून लोकांले फसवता काय हो?” असं मोठ्याने सुरू केलं. दुकानदार बटनापाशी गेला. दाबलं, पांढरा. बंद करून पुन्हा दाबलं, पिवळा. पुन्हा केलं, चहाचा रंग.

“काकू, दर वेळेस बंद करून चालू केलं की रंग बदलते. हेच सांगत होतो मी. तुमच्या सूनबाईच म्हणाल्या होत्या, आईले पांढरा पायजे, मले पिवळा, आईच्या पसंतीचंच द्या, पण दोघींचंही मन राहीन असं.”

गिऱ्हाईक माझ्याकडे बघून राहिले. मी पदर सावरला आणि म्हटलं, “मग आधी काहून नाही सांगितलं?” आणि उत्तर यायच्या आत बाहेर पडले. उत्तर मला माहीत होतं.

म्हणजे बघा. पिवळा आला तेव्हा ती झुंबराखाली उभी होती, चहाचा आला तेव्हा शाळेत. ह्यांना बटन कुठे आहे तेच माहीत नाही. दर वेळेस रंग बदलणारा हात एकच होता, आणि तो रंगेहाथ पकडायला मी तीन दिवस जिवाचं रान केलं!

घरी पोहोचले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. हॉलमध्ये काळोख. काळोखात पल्लवी, तिच्या पायाशी बॅग, आणि समोर तिचे वडील हातात चहाचा कप घेऊन चाचपडत बसलेले. आमचे हे कोपऱ्यात.

“विहीणबाई,” व्याही म्हणाले, “पोरगी म्हणते चार दिवस येतो. पण हे तुम्ही अंधारात काहून बसून राह्यले?”

पल्लवीने बापाला काही सांगितलं नव्हतंच.

मी बटन दाबलं. पांढरा आला. बंद केलं, पुन्हा दाबलं. पिवळा आला, आणि मी हात मागे घेतला.

“राहू द्या हाच,” मी म्हटलं. “भाऊ, तुमच्या पोरीले मी खोटी म्हटलं. लाईट मीच बदलवत होती. माही चूक हाय.” आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले.

व्याह्यांना काही उमगलं नाही. त्यांनी वर पाहिलं. “झुंबर तर भल्लं सुंदर हाय. पसंती कोणाची?”

मी तोंड उघडायच्या आत पल्लवी म्हणाली, “आईंची. मी नुसतं हो म्हटलं.” आणि बॅग उचलून आत ठेवून आली.

बस, एवढंच. दिवाळी झाली, महिना होत आला, ती घरातच आहे, हसते-बोलते. पण मला एक सांगा. मी इतकं बोलले, इतकं छळलं, आणि ही बापासमोर मला सांभाळून घेते?

महिना झाला, मी पाळत ठेवून आहे. ह्याच्यात नक्की काहीतरी आहे.