कल्ल्याचा रंग

मासा घेताना कल्ला उचलून बघायची सवय मला आईने लावली. आत लाल असेल तर ताजा, नाहीतर पुढे चालायचं. आज नदीकाठच्या बाजारात भोईणमावशींच्या पाटीत एक रोहू अजून शेपटी आपटत होता. मी निर्धास्तपणे त्याचा कल्ला उचलला. आत गंजासारखा तपकिरी रंग!

"मावशी, हा जिवंत आहे ना?"

"दिसतोय की! वरच्या अंगाला कारखान्याचं पाणी सुटायला लागलं, तेव्हापासून असेच येतात बघ. खातात, पण अंगाला लागत नाही. सगळा जोर श्वास घेण्यातच जातो."

मी मासा न घेताच निघाले, पण ते उघडमीट करणारं तोंड डोळ्यांसमोरून हलेना. वाढायची, पोहायची, अंडी घालायची सगळी ताकद नुसतं तगून राहण्यात संपवायची. आणि वरून खवले तर कसे छान चमकत होते!

घरी पोचेपर्यंत घसा कोरडा पडला होता. आमच्या नळाला त्याच नदीचं पाणी येतं. पेला भरला, क्षणभर थांबले, आणि प्यायले. मग आरशासमोर जाऊन डोळ्याची खालची पापणी ओढली आणि आतला रंग बघत राहिले.