माझ्या अर्ध्या बोलण्यासाठी अडून बसलेल्या बाई

प्रमिलाबाईंले पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून त्याइच्या गौरवाचा ग्रंथ निघून राह्यला, आणि त्यात शिकल्यासवरल्या लोकाइच्या रांगेत मलेही लिहा म्हटलं. मी चौथी शिकलेली, सिंदीच्या आठवडी बाजारात भाजी विकणारी. पण जे पाह्यलं ते लिहिता येते.

पहिली भेट बाजारातच झाली. नागपूरले कॉलेजात फ्रेंच शिकवून रिटायर झालेल्या बाई माहेरच्या घरी राहाले आल्या होत्या. वही घेऊन माझ्यापुढं उभ्या राह्यल्या आणि चिवळीची भाजी कशी निवडता, म्हणून विचारू लागल्या.

"काऊन वो, सरकारी हाय काय तुमी?"

"नाही, फ्रान्समधल्या एका वेबसाइटसाठी लिहिते."

"त्याइले आमच्या चिवळीचं काय करायचं हाय?"

बाई हसल्या आणि अर्धा किलो घेऊन गेल्या. मले वाटलं, डोकं फिरलेलं दिसते.

ती वेबसाइट बातम्यांची आणि मतांची. जुन्या चालीरीती टिकाव्या, घरदार, देवधर्म सांभाळावा, अशा विचाराच्या लोकाइची. बाईंचे विचारही तसेच. तिथं त्या दर आठवड्याले आमच्या गावचं पत्र लिहितात. त्याइचा एक नेम हाय. ज्याचं बोलणं छापून आलं, त्याले पुढच्या बाजारी मोबाइलवरून मराठीत वाचून दाखवतात आणि विचारतात, "असंच म्हटलं होतं ना?" घरच्या पोराइले आमचं ऐकाले वेळ नाई, आणि ह्या बाई सात समुद्रापार गेलेलं आमचं बोलणं परत आणून तपासतात.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन बाजार माझ्या जागेवर त्या बसल्या. अर्धी कोथिंबीर फुकट वाटली, ते सोडा.

मागच्या वर्षी त्याइनं मले विचारलं, बाईनं घर सांभाळावं की नाही. मी म्हटलं, "बाईनंच सांभाळावं. आणि ज्याले हे सांगाची हौस हाय, त्यानं आठ दिवस सांभाळून दाखवावं, मंग बोलावं." बाईंनी सगळं लिहून पाठवलं. पुढच्या बाजारी वाचाले लागल्या आणि मधेच थांबल्या. माझा फोटो होता, नाव होतं, पहिलं वाक्य मोठ्या अक्षरात होतं. पुढचं कापलं होतं.

"जाऊ द्या वो," मी म्हटलं, "तिथं मले कोण वळखते?"

"मी ओळखते ना."

बाईंनी तिकडच्या संपादकाले कळवलं, पूर्ण छापा, नाहीतर माझं पत्र बंद. त्यानं सांगितलं, जागा कमी होती. कागद तर तिथं लागत नाई, मंग जागा कशी कमी पडली, हे मले अजून समजलं नाई.

बाईंले मूलबाळ नाई. ते पत्र म्हणजेच त्याइचा आठवडा. सहा बाजार त्या वही न घेता आल्या. वांगी चाचपत, परत ठेवून देत. शेवटी मीच म्हटलं, "एका वाक्यापायी काऊन जीव जाळता? पहिलं अर्धं तर तुमालेही पटते."

"मला पटतं म्हणून तेवढंच ठेवू? तुम्ही तर दोन्ही बोललात, मैनाबाई."

सातव्या बाजारी वही आली. वाक्य पूर्ण छापलं होतं, आणि आधी कापलं ही चूक आमची, असंही खाली लिहिलं होतं. त्याच्या खाली तिकडच्या एका म्हातारीनं लिहिलं होतं, "आठ दिवस कशाले? आमच्या म्हाताऱ्याले दोनच पुरतील." बाई वाचून हसत होत्या. मी कोणाले लवकर मानत नाई, नवऱ्यालेही मानलं नव्हतं. पण त्या दिवशी बाईंले मानलं, आणि अर्धा किलो चिवळी त्याइच्या पिशवीत फुकट टाकली.

बाईंले शंभरी लाभो. गुडघे चालते राहोत, चष्म्याचा नंबर वाढू नये. ग्रंथवाल्याइनं मले सांगून ठेवलं हाय, लंबं झालं तर कापू. कापा. पण छापल्यावर बाई हे मले बाजारात वाचून दाखवतील, आणि मधेच थांबतील.